टाइपरायटरवरच्या अक्षता

मित्रांनो, मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे. आजच माझ्यावरची खोळ निघाली, म्हणून बोलतो.

माझा जन्म दूरच्या कारखान्यातला, पण मला आठवते ते अमरावतीचे बापूसाहेब वकिलांचे ऑफिस. तिथे मी वर्षानुवर्षे वादी आणि प्रतिवादी लिहिले. या दोघांपलीकडे जगात कोण राहते, याचे मला फार कुतूहल होते.

१९५७ साली बापूसाहेबांनी नवे यंत्र घेतले. त्यांचे स्नेही मोरोपंत गुरुजी चांदूर बाजारला चौथीचा वर्ग शिकवीत. त्यांनी मला मुलांसाठी मागितले.

"न्या," बापूसाहेब म्हणाले, "पण पोरांनी बिघडवला, तर त्याच दिवशी परत आणीन."

शाळेत मुलांनी मला वेढले. जमुना नावाची शेतकऱ्याची मुलगी माझ्या पोटात डोकावली. "गुर्जी, आत कोन बसून अक्षरं फेकून राहिलं?"

"तूच फेकणार आहेस. दाब बोट."

तिने 'बैल' लिहिले. बैल कोर्टातही येत, पण भांडणाशिवाय आलेला हा पहिलाच.

गुरुजी माझ्या कळांवर रुमाल टाकत. न पाहता अक्षर शोधताना मुलांचे चेहरे कसे होत, ते मी पाहत असे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन झाले. पाट्यांशेजारी मलाही मांडले. जमुनाने मायेने मूठभर ओल्या अक्षता थेट माझ्या पोटात वाहिल्या. दुपारी 'क' उठेना.

"गेला आता अमरावतीले!" तिच्या वर्गातला देवराव म्हणाला. "उद्या वकीलसाहेब सोनं द्यायले येऊन राहिले."

जमुना रडू लागली. गुरुजींनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले, मग पेचकस तिच्याच हातात दिला. "आत कोण बसलंय, हे तुला पाहायचं होतं ना? उघड."

सगळी डोकी माझ्यावर वाकली. दांड्या, कमानी, चाके! तिच्या बारीक बोटांनी दाणे वेचले. शेवटचा दाणा देवरावने आणलेल्या बाभळीच्या काट्याने निघाला आणि 'क' टपकन उठला.

दसऱ्याला बापूसाहेबांनी कळा दाबून पाहिल्या. त्यांना काहीच कळले नसते. पण जमुना पुढे आली. "वकीलसाहेब, म्या याच्यात तांदूळ टाकले होते. मंग म्याच काढले."

गुरुजींच्या हातातली आपट्याची पाने तशीच राहिली.

"तुला उघडता येतो हा?" बापूसाहेबांनी विचारले.

"हो. दाखवू काय?"

बापूसाहेबांनी तिच्या हातावर सोने ठेवले. "मोरोपंत, राहू द्या याला इथंच."

पुढची अकरा वर्षे माझ्या पोटात किती मुले डोकावली! यंदाच्या उन्हाळ्यात गुरुजी गेले. त्यांची मुलगी चारुशीला मला अकोल्याला घेऊन आली. तिने माझ्यासाठी खोळ शिवली. गल्लीतली मुले दारातून पाहत. "हात लावू नका," ती म्हणे.

आज दसरा. घरात गोडधोड नव्हते, तरी तिने खोळीवर फूल आणि अक्षता वाहिल्या. तेवढ्यात जमुना भेटायला आली. आता ती गुरुजींच्याच शाळेत शिकवते.

"ताई, काहून झाकून ठेवला?"

"बाबांची बोटं आहेत त्याच्यावर."

जमुनाने खोळीवरच्या अक्षतांवर बोट ठेवले. "मंग तुमीबी तांदूळच टाकून राहिल्या, ताई."

माझ्या पोटातल्या तांदळांची गोष्ट गुरुजींनी चारुशीलेला कितीदा सांगितली होती. तिने खोळीची नाडी सोडली आणि 'क' दाबून पाहिला. नुसते पडून राहून तो पुन्हा अडकला होता. ती आत जाऊन पेचकस घेऊन आली आणि दारातल्या मुलांकडे वळली.

"या. आत कोण बसलंय, पाहायचंय?"

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, हवे तर फूलही वाहा. पण मग खोळ काढा आणि बोट दाबा.