वरवंट्याच्या गळ्यातील रोमन नाणे

“काळं पडलं! येका रातीत काळं पडलं!”

मळवलीतील भाड्याच्या बंगल्यापुढे जयघोष उसळला. उच्चासनावर रौप्यानंद महाराज विराजमान होते. हातात दोन सहस्र वर्षांपूर्वीचे रोमन रौप्यनाणे जडवलेले पदक; अशी पदके ते गावात विकत होते. लोणावळ्याच्या सोनाराने नाणे अस्सल ठरवले, आणि तेवढ्यानेच साऱ्या गावाची शंका मिटली.

महाराज गरजले, “कार्ल्याच्या लेण्यांना समुद्रापारच्या यवन व्यापाऱ्यांनी दान दिलं, ते काय उगाच? नाण्यावरचा हा सम्राट व्याधी गिळतो! रात्री नाण्याला भस्म चोळा, गळ्यात बांधा. सकाळी काळं, म्हणजे रोग गिळला!”

गर्दीत डॉक्टर कौमुदी उभ्या होत्या. शेजारी त्यांच्याच औषधावर असलेली चिमुरडी पायल आईच्या, सविताच्या, कडेवर होती. काल फेफरे येऊन ती ओट्यावर आपटली होती. ओठ फाटला होता.

“सविता, गोळ्या कधी थांबवल्यास?”

“पदक बांदलं त्या दिसापासनं. म्हाराज म्हनले, गोळी आन् नाणं येका अंगात नांदत न्हाईत.”

कौमुदींनी पायलच्या गळ्यातले पदक काढले, लखलखीत घासले, महाराजांचेच भस्म चोळले आणि सर्वांदेखत सविताच्या घरून आणवलेल्या वरवंट्याला बांधले. वरवंटा रात्रभर मारुतीच्या देवळात, गावाच्या राखणीत राहिला.

सकाळी नाणे काळेठिक्कर!

महाराज गडबडले नाहीत. “पाषाणातही पीडा असते, भक्तांनो!”

सविताची सासू झुंबरबाई कडाडली, “व्हय रं? मंग माज्या वरवंट्याला बी फिट येती का?”

हशा पिकला. सविता मात्र हसली नाही. “पन मॅडम, नाणं तर खरं हाय ना?”

“खरं आहे, म्हणूनच काळं पडतं! चांदीला गंधक लागलं की ती काळवंडते. या भस्मात गंधक आहे, हुंगून बघ. चांदी जितकी अस्सल, तितकी याची लबाडी सोपी. तुझी लेक मेली असती, तरी नाणं असंच काळं झालं असतं!”

सविताने भस्माची पुडी नाकाशी नेली, आणि तीच महाराजांच्या पायांशी भिरकावली. मग तिने तिथेच, कौमुदींच्या हातून घेऊन, पायलला गोळी दिली.

वाचकहो, नाणे प्राचीन असेल, सुंदर असेल, हौसेने गळ्यात मिरवावे असेही असेल. परंतु वस्तू खरी असल्याने ती विकणाऱ्याचा शब्द खरा ठरत नाही. नाणे सोनाराकडून पारखून घ्या. शब्द मात्र स्वतःच्या बुद्धीने पारखा; ती बुद्धीही देवानेच दिली आहे, आणि लेकराचे औषध थांबवण्यापूर्वी तिला एकदा तरी विचारा.