डाव्या पायाचे चार बूट

माझे जुने मालक जिना चढून वर आले तेव्हा मी टेबलावर पाय टाकून बसले होते. अकरा वर्षं लोकांचे पाय मांडीवर घेतल्यावर स्वतःचे टेबलावर टाकायचा हक्क मला आहे, असं मी मानते. पण माझं पहिलंवहिलं गिऱ्हाईक म्हणून हाच माणूस दारात उभा राहील, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

खालच्या पाटीवर मी नाव घातलं नव्हतं. नुसतं ‘खासगी तपास, पहिला मजला’. नाव असतं तर मालक अर्ध्या जिन्यातूनच मागे फिरले असते.

“तुम्ही?” ते म्हणाले.

“मीच. बसा.”

‘तुम्ही’ ऐकून बरं वाटलं. त्यांच्या चपला-बुटांच्या दुकानात माझं नाव ‘ए, सहा नंबर आण’ एवढंच होतं.

त्यांनी काखेतली चार खोकी टेबलावर मांडली. प्रत्येकात एकच बूट होता, उजव्या पायाचा, बायकांचा, आठ नंबर. “चौथा गेला,” ते म्हणाले.

आमच्या धंद्यात रॅकवर एकाच पायाचा बूट ठेवतात आणि दुसरा आत खोक्यात, म्हणजे उचलणाऱ्याला उचलून फायदा नाही. मालकांच्या दुकानात बाहेर डावा. तोही बायकांतला सगळ्यात मोठा, आठ नंबरचा, कारण लहान मापाचा बूट रस्त्यावरून खेळण्यासारखा दिसतो असं त्यांचं मत. तर असे तीन डावे बूट मी तिथे असतानाच नाहीसे झाले होते, आणि त्यांचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं होतं.

शनिवारी संध्याकाळी सहाला, दुकान खच्चून भरलेलं असताना, मालकांच्या मेहुण्याने माझी पर्स काउंटरवर उपडी केली. बायकोचा भाऊ म्हणून मॅनेजर झालेला माणूस तो. पर्समधून निघालं काय, तर कंगवा, गुडघ्याला लावायचं मलम, बिस्किटांचा अर्धा पुडा आणि एक घडी घातलेला कागद. मालकांशी काय बोलायचं ते विसरू नये म्हणून मी त्यावर लिहून ठेवलं होतं. मेहुण्याने तो कागद उघडला आणि नाटकात वाचावा तसा हात हलवत वाचला: “मालक, अकरा वर्षं झाली. गुडघे फार दुखतात. दुपारी गर्दी नसताना दहा मिनिटं खुर्चीवर बसू द्यावं.”

गिऱ्हाइकं हसली. कडेवरचं एक पोर काही न कळता टाळ्या वाजवायला लागलं. बूट काही सापडले नाहीत, तरी मालक म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.” दाराजवळच्या गादीच्या खुर्चीत मालकांच्या आई बसल्या होत्या, नेहमीसारख्या. आम्ही सगळेच त्यांना आई म्हणायचो. त्या मांडीवरची शाल नीट करत होत्या. वर बघितलंच नाही त्यांनी.

घरी नणंद म्हणाली, “वहिनी, तुम्ही आता गुप्तहेर व्हा. नाहीतरी खाली मान घालून लोकांवर नजर ठेवायची सवय आहेच.” ती चेष्टा करत होती. मी घरबसल्या तीन महिन्यांचा कोर्स केला. प्रमाणपत्रावरच्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत, पण शिक्का खरा आहे.

“पोलिसांत गेलो होतो,” मालक म्हणाले. “एकेका पायाचे बूट म्हटल्यावर हसायला लागले. आता तुम्ही गेल्यावरही बूट गेला, म्हणजे तुम्ही नव्हता हे तर सिद्ध झालं.”

हे त्यांनी असं सांगितलं, जसं काही मला बक्षीस जाहीर होतंय. चुकलं, एवढा एक शब्द तोंडातून निघाला असता तर कदाचित मी वेगळी वागले असते. नाही निघाला.

“माझी एक अट आहे,” मी म्हटलं. “चोर शनिवारी संध्याकाळी सहाला, त्याच काउंटरपाशी, गिऱ्हाइकांदेखत उघडा पाडायचा. मग तो कोणीही असो. आणि झडती तुम्ही स्वतः घ्यायची.”

“वा! चांगली अद्दल घडेल,” मालक खूश झाले. मी ते लिहून त्यावर सही घेतली. कागदाचं महत्त्व त्यांच्याच दुकानात शिकले होते.

चोर कोण हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. मेहुणा. पुरावा नव्हता, पण माझ्या मनात त्याची वरात केव्हाच निघाली होती. नणंदेचा लांब कोट आणि काळा चष्मा चढवून मी पाच दिवस हात धुवून त्याच्या मागे लागले. अडचण एकच, मी माणसं पायांवरून ओळखते. दुसऱ्या दिवशी चौकात गर्दीत तपकिरी नाडीच्या बुटांच्या मागे मागे एका न्हाव्याच्या दुकानात शिरले. बूट खुर्चीत बसले, वर पाहिलं तर भलतेच गृहस्थ. न्हाव्याने विचारलं, “बाई, तुमचा नंबर यांच्यानंतर का?”

पाचव्या दिवशी मेहुणा आमच्या समोरच्या बुटांच्या दुकानात मागच्या दाराने शिरला. तो बाहेर पडताच मी आत धावले. तिथली विक्रेती माझ्याच वयाची, माझ्यासारखेच गुडघे धरून उठणारी. मी विचारल्यावर ती खुदकन हसली. “तो होय? इथूनच बूट घेतो तो. म्हणतो, आमच्या दुकानातले चावतात. कोणाला सांगू नको म्हणालाय.”

म्हणजे चोर नव्हता. मला इतकं वाईट वाटलं की रस्त्यात रडू फुटलं. त्याला चोर ठरवायला मी इतकी उतावीळ झाले होते की ती चार खोकी पुन्हा उघडूनही पाहिली नव्हती.

शुक्रवारी दुपारी ती उघडली. चार उजवे बूट ओळीने मांडले आणि समोर जमिनीवर बसले, कारण मला जमिनीवर बसूनच विचार करता येतो. रॅकवर उंच टाचेचे होते, चमचमणारे होते, महागडे होते. चोराने त्यांना हात लावला नव्हता. गेले ते चारही काळे, सपाट, मऊ, वरून चिकटपट्टीचे. रुंद पायाचे. दुखऱ्या पायाचे.

आणि हे चारही प्रकार मी स्वतः एकाच बाईच्या पायात चढवून पाहिले होते.

नवा माल आला की मालक आईंच्या पायात पहिला जोड घालायला लावायचे. दाराशी बसलेल्या बाईच्या पायात आपलाच माल दिसला पाहिजे, म्हणून. दर वेळी माप मीच घ्यायची. पहिल्याच वेळी मी म्हटलं होतं, “आईंचा डावा पाय सुजलाय. उजव्याला सहा ठीक आहे, डाव्याला आठ लागेल.” आईंनीही “दे ना रे आठ” म्हटलं होतं. मालक गल्ल्यावरून म्हणाले होते, “एका पायासाठी दुसरा जोड फोडायचा? सहाच दे. घातल्यावर सैल होतो.” तेव्हापासून आईंची शाल गुडघ्यांवरून घोट्यांपर्यंत उतरली होती. हे सगळं मला माहीत होतं आणि मी चौकात न्हाव्याकडे नंबर लावत होते!

थोडा वेळ वाटलं, जाऊ दे. म्हातारी बाई, दुखरा पाय. मग पर्स उपडी होतानाची ती शाल आठवली, तिच्या सुरकुत्या काढणारी ती बोटं आठवली, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. त्या खुर्चीतून एक वाक्य निघालं असतं तर मी वाचले असते.

शनिवारी पावणेसहाला मी दुकानात पोचले. गर्दी मनासारखी होती. मालकांनी हात वर करून जाहीर केलं, “मंडळी, दोन मिनिटं! आज चोर पकडला जाणार आहे.” मेहुण्याने काउंटर मोकळा केला. तो माझ्याकडे बघून हसत होता.

“मालक, स्टूल घ्या,” मी म्हटलं.

“कुठलं स्टूल?”

“माझं. माप घ्यायचं, बुटकं. आणि आईंचे बूट काढा.”

मालक हसले. मग मी त्यांच्या सहीचा कागद उघडून धरला, तेव्हा हसायचे थांबले. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या. ते स्टुलावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा बसत असावेत, गुडघे कटकन वाजले. मला तो आवाज फार आवडला.

आईंनी शाल घट्ट धरली, मग सोडली. मालकांनी उजवा बूट काढला. तळाला सहा. डाव्याची पट्टी ओढली, बूट निघाला. तळाला आठ. ते दोन्ही हातात धरून बघत राहिले. “अहो, हे तर वेगवेगळ्या मापाचे!” कुणी बाई म्हणाली. आईंचा पाय घोट्यापाशी फुगून लाल झाला होता.

“आई, मागायचा होतास ना,” मालक कसंबसं म्हणाले.

“मागितला होता,” आई म्हणाल्या. “हिच्यासमोर. तू म्हणालास, जोड फोडायचा नाही.”

मी पुढे झाले. “आणि माझी पर्स उपडी केली तेव्हा? तेव्हा का नाही बोललात?”

आईंनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. “तू तुझ्या घरी जाणार होतीस, पोरी. मला याच्या घरात जेवायचं होतं.”

रात्रभर मी जे वाक्य घोकलं होतं, ते कुठल्या कुठे गेलं. दया आली, खोटं कशाला बोलू. पण राग तसूभरही हलला नाही. दोन्ही एकाच वेळी होते.

मेहुणा घाईघाईने गिऱ्हाइकांना बाहेर काढायला लागला. “चला, चला, झालं.”

“तुमचे बूट छान आहेत,” मी मोठ्याने म्हटलं. “समोरच्या दुकानातले ना? आमचे चावतात म्हणे!”

मालकांनी स्टुलावरूनच मान वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते कुणाचे तरी पाय बघत होते. मेहुणा रॅकमागे गेला तो गेलाच.

“पोरी,” आई हळूच म्हणाल्या, “बूट चढव गं. फरशी गार आहे.”

अकरा वर्षांची सवय. माझे गुडघे अर्धे वाकलेसुद्धा. मी ते सरळ केले.

“मालक चढवतील,” मी म्हटलं.

मग गिऱ्हाइकांची एक खुर्ची ओढली, आईंच्या शेजारी ठेवली आणि भिंतीवरचं घड्याळ बघून बसले. मालकांनी पट्टी उलटी लावली, काढली, पुन्हा लावली. मी सांगितलं नाही. पर्समधल्या त्या कागदावर लिहिलं होतं तेवढीच बसले, दहा मिनिटं.