पाच अख्ख्या, पाच अर्ध्या

मित्रांनो, मला पाचपर्यंतच मोजता येते आणि तेवढ्यावर माझी तीस वर्षे निभावली आहेत. मी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीमागचा एक जुना ट्रे आहे, गोळ्या मोजायचा.

एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून मला दाबून काढले, कडा वळवल्या आणि एका अंगाला पन्हळ पाडली. चपट्या पट्टीने पाच-पाच गोळ्या पन्हळीत सारायच्या, आकडा पुरा झाला की मला तिरके करून त्या पाकिटात ओतायच्या. माझे शिक्षण एवढेच, पण ते चोख होते. माझ्यावरून गेलेले पाकीट पुन्हा मोजावे लागत नाही, असे सगळे म्हणत. हे ऐकायला मला आवडे.

पुढे गोळ्या पट्ट्यांमध्ये येऊ लागल्या आणि मोजायचे कामच सरले. मी खालच्या कप्प्यात गेलो. टाचण्या, रबरबँड आणि कुणाच्या तरी चष्म्याची एक काडी, एवढा माझा संसार. मला राग नव्हता, पण कप्पा उघडला की मी उगीचच प्रकाशाकडे बघत असे.

मला पुन्हा बाहेर काढले ते टंचाईने. फिट येऊ नये म्हणून रोज घ्यायची एक गोळी बाजारातून दिसेनाशी झाली. कारखान्यात कच्चा मालच नाही, म्हणे. खिडकी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांनी दोन दिवस फोनला कान लावून कुठून तरी सुट्या गोळ्यांचा एक डबा मिळवला. मग मला स्पिरिटने पुसले आणि डबा माझ्यावर रिता केला. एकशे अडुसष्ट गोळ्या, आणि त्या गोळीवर जगणारी बारा माणसे. मागच्या महिन्यात पहिल्या चौघांना महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि पाचवा रिकाम्या हाताने गेला होता. तसे पुन्हा होऊ द्यायचे नाही, असे ताईंनी ठरवले. प्रत्येकाला चौदा. सकाळी एक, रात्री एक, सात दिवस. सातव्या दिवशी उरलेले पाकीट घेऊन या, तोवर नवा माल येईल.

रांग मोठी होती. ताई पाकीट देताना प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होत्या, "चौदा आहेत, माल येईपर्यंत पुरवून घ्या." त्यांच्या मनात होते की यातली एकही सांडू नका, कुणाला उसनी देऊ नका. बारा वेळा त्या हेच बोलल्या. मलाही त्यात काही खटकले नाही.

सातव्या दिवशी पावणेदहाला शिंपीकाका आले. त्यांच्या धाकट्या मुलीला फिट येत, म्हणजे पूर्वी येत. गोळी सुरू झाल्यापासून दोन वर्षे एकही आली नव्हती. अकरा वर्षांच्या त्या मुलीला घरीदारी बारकीच म्हणतात. काकांनी पाकीट माझ्यावर उलटे केले आणि खुशीत म्हणाले, "तुम्ही सांगितलंत तशा पुरवल्या, ताई. बघा, अजून निम्म्या आहेत."

सकाळची गोळी घेऊन झाल्यावर एकच उरायला हवी होती. माझ्यावर पाच अख्ख्या होत्या आणि पाच अर्ध्या.

काकांचे काय चुकले? कापड कमी आले की बेतून कापायचे, हे त्यांनी जन्मभर केले होते. पुरवून घ्या म्हटल्यावर त्यांनी घरी जाऊन गोळ्याही बेतल्या. शिवण उसवायच्या ब्लेडने त्यांनी त्या इतक्या नेमक्या कापल्या होत्या की एक कणही सांडला नव्हता. ताईंची नजर त्या सरळ कडांवर क्षणभर थांबली. सहा दिवस मुलीच्या पोटात निम्मेच औषध जात होते. शिवाय या गोळीला वरून एक आवरण असते. त्यामुळे ती तासन्तास हळूहळू विरघळते. कापली की ती एकदम विरघळते आणि मग बराच वेळ अंगात काहीच उरत नाही.

"बारकी कुठे आहे आत्ता?" ताईंनी विचारले.

"शाळेत. नाही, आज तलावावर. दहाला त्यांचं पोहणं असतं."

ताईंनी त्यांना दोन वाक्यांत सगळे सांगितले. काका पुढचे काही न विचारता सायकलकडे धावले. ताईंनी शाळेला फोन लावला, तर मुलांची बस कधीच निघाली होती. तलावाचा नंबर मिळाला, पण तो लागेना. एकदा, दोनदा, पाचदा. रांगेतले एक गृहस्थ म्हणाले की खिडकी उघडी ठेवून फोनवर गप्पा मारायचे कामही आता दवाखान्यातच होते वाटते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आठव्या वेळी कुणीतरी फोन उचलला. तो तलावाचा रखवालदार होता. ताई म्हणाल्या, शिंप्यांची मुलगी, बारकी, तिला पाण्यात उतरू देऊ नका. तिला पाण्यात फिट येऊ शकते.

रखवालदार म्हणत होता की सगळी पोरे पाण्यात आहेत. सगळ्यांच्या डोक्याला निळ्या टोप्या, त्यात तुमची बारकी कोणती ते कसे ओळखू?

"ओळखू नका," ताई म्हणाल्या. "सगळ्यांना बाहेर काढा."

मग फोनमधून शिट्टी ऐकू आली, लांबलचक.

तासाभराने बाप-लेक आले. बारकीचे केस ओले होते आणि गाल फुगलेले. सगळ्या वर्गाला काठावर कुडकुडत उभे केले होते आणि कुणामुळे ते सगळ्यांना कळले होते. खिडकीसमोरच्या बाकावर बसून ती बाबांना सुनावत होती, "उद्या शाळेत मला काय म्हणतील माहितीये का तुम्हाला? मला म्हणतील..."

वाक्य तिथेच तुटले. तिची नजर एका जागी थिजली आणि अंग ताठ झाले.

ताई दार उघडून बाहेर धावल्या. बारकीला जमिनीवर कुशीवर वळवले, डोक्याखाली स्वतःचा पांढरा कोट घडी करून ठेवला. काका तिचे हात दाबून धरू लागले तेव्हा ताईंनी त्यांना मागे सारले. धरायचे नाही, तोंडात काही घालायचे नाही, पाणीही नाही. फक्त जवळ बसायचे आणि घड्याळ बघायचे. खिडकीतून मला सगळे दिसत होते. मघाचे ते गृहस्थ लोकांना मागे हटवून जागा करून देत होते. दीड मिनिट लागले. मग तिचे अंग सैल पडले, श्वास नीट चालू लागला आणि ती गाढ झोपली.

काका माझ्याकडे, त्या अर्ध्या गोळ्यांकडे बघत होते. "मी काटकसर केली, ताई."

"मी सांगितलं तेच तुम्ही केलंत," ताई म्हणाल्या. "चुकीचं मी सांगितलं."

डॉक्टरांपुढेही त्यांनी हेच सांगितले, आडपडदा न ठेवता. नवा माल त्या दिवशीही आला नाही. डॉक्टरांनी अख्ख्या गोळ्या पुन्हा वेळेवर सुरू केल्या आणि पुढच्या दिवसांसाठी त्याच औषधाचे पातळ रूप, मापाचा नवा हिशेब करून, लिहून दिले. ताईंनी दुसऱ्या दवाखान्यातून त्याच्या दोन बाटल्या मिळवल्या. मग उरलेल्या अकरा घरी फोन केले. आणखी तिघांनी गोळ्या पुरवून घेतल्या होत्या. एकजण दिवसाआड घेत होता, दुसरा फक्त रात्री. एका आजींनी तर गोळी बंदच केली होती. त्या म्हणाल्या, माझे काय, मी पिकले पान, तरण्याताठ्यांना मिळू देत. ताई त्यांना फोनवरच रागे भरल्या आणि फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले.

त्या दिवसापासून ताई पाकीट लगेच हातात देत नाहीत. आधी विचारतात, "आता घरी जाऊन कशा घ्याल, ते मला सांगा." काहीजण चिडतात, आम्ही काय शाळेत आहोत का म्हणून. रांग हळू सरकते. मला घाई नाही.

मित्रांनो, औषध अपुरे असेल तेव्हा घरातल्या घरात वाटणी करू नका. अर्धी करू नका, एक दिवस गाळू नका, दुसऱ्यासाठी स्वतःची सोडू नका. खिडकीशी या, विचारा आणि काय समजले ते परत सांगा. चूक बोलणाऱ्याचीही असू शकते. मी पाच अख्ख्या आणि पाच अर्ध्या अंगावर झेलल्या आणि गप्प बसलो, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.