दुसरा अर्जदार

ब्रांडेस आजोबांनी खांद्याने ढकलून वरच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि बाजूला होऊन हृषिकेशला आधी आत जाऊ दिलं. खोली मोठी होती, पूर्वेला खिडकी. खाली सफरचंदाची तीन झाडं आणि त्यापलीकडे नुसती बिटाची शेतं.

"ही झोपायची खोली. सकाळी ऊन थेट पलंगावर येतं. तुमच्या बायकोला आवडेल. बागेची आवड आहे त्यांना?"

"हो, हो. खूप," हृषिकेश म्हणाला. "मेमध्ये येतेय ती."

ब्राउनश्वाइगपासून अर्ध्या तासावर असलेल्या या जर्मन गावात परक्याला घर मिळणं सोपं नव्हतं. हॅनोवरच्या एका माणसाने जास्त किंमत देऊ केली होती. पण त्याला फक्त सुट्टीत यायचं होतं. ब्रांडेस बायको वारल्यावर एकटेच इथे राहिले होते आणि आता मुलीकडे निघाले होते. घरात माणसं नांदावीत, एवढीच त्यांची अट होती.

हृषिकेशची बायको मैथिली पुण्याला गेली ती तिच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून. त्यांची मुलगी तनया शिकायला दूर गार्चिंगला गेली, त्याच महिन्यात. दिवाळीपर्यंत आई काठी घेऊन चालू लागल्या. मैथिलीचं परतीचं तिकीट मात्र एकदा पुढे गेलं, मग पुन्हा गेलं, आणि नंतर त्याचा विषय निघेनासा झाला. फ्लॅटमध्ये जीव गुदमरतो, असं ती नेहमी म्हणायची. अंगण असेल तर ती येईल, हे हृषिकेशने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

बँकेतल्या बाईंनी कर्जाचा अर्ज त्याच्यापुढे सरकवला आणि दुसऱ्या अर्जदाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. इथे पत्नीची सही लागेल.

त्याने संध्याकाळी फोन लावला. तिकडून प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली. मैथिलीने गॅस बारीक केला असावा.

"घर छान आहे रे. फोटो बघितले मी."

"मग सहीचं कसं करूया? ऑनलाइन होते."



"तुला हवं असेल तर तू घे, हृषी. माझं नाव नको घालूस."

"कर्जावर नको म्हणतेस?"

"कशावरच नको."

पुढे तिने तो जेवला का, ते विचारलं. जेवलो, म्हणून त्याने सांगितलं.

खरं तर तिथेच थांबता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बँकेत गेला. बाईंनी तो रकाना आडवी रेघ मारून बंद केला आणि कर्जाची मुदत वाढवली. आपण असं का करतोय, हे कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही.

नोटरीच्या कचेरीत सगळा करार मोठ्याने वाचावा लागतो. नोटरी बाई एकसुरात भरभर वाचत होत्या. सीमा, विहिरीचा हक्क, छपराची स्थिती. ब्रांडेस कोट घालून आले होते, डोळे मिटून ऐकत होते. खरेदीदाराच्या मजकुराशी बाई थांबल्या.

"विवाहित. पण पत्नी भारतात. म्हणजे तात्पुरत्या गेल्या आहेत, की तुम्ही विभक्त राहता? मला तसं लिहावं लागेल."

हृषिकेशने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"विभक्त," तो म्हणाला. हा शब्द आजवर त्याने कुठल्याच भाषेत उच्चारला नव्हता.

ब्रांडेसनी डोळे उघडले. हृषिकेश टेबलाकडे बघत राहिला. आता म्हातारा उठेल आणि कोटाची बटणं लावून चालू लागेल, अशी त्याची खात्री होती.

"श्री. ब्रांडेस?" बाईंनी विचारलं.

"वाचा पुढे," ब्रांडेस म्हणाले.

सह्या झाल्या. खाली गाड्यांपाशी आल्यावर हृषिकेश म्हणाला, "मी तुमच्याशी खोटं बोललो."

 ब्रांडेसनी रुमाल काढून चष्मा पुसला.

"हिवाळ्यात वरचा मजला बंद ठेवा," ते म्हणाले. "स्वयंपाकघर आणि शेजारची छोटी खोली, एवढंच तापवायचं. पलंग खाली आणा. आणि जेवताना बसून जेवा. ओट्यापाशी उभ्याने खाल्लं की सवय लागते. मला दोन वर्षं लागली ती मोडायला."

हृषिकेशने मान हलवली. 

"आणि रविवारी?"

"रविवारी गवत कापायचं नाही. लाकडंही फोडायची नाहीत, शेजारी तक्रार करतात." ब्रांडेसनी रुमालाची नीट घडी घातली. "रविवार लांबतो."

ते बसने आले होते. हृषिकेशने त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडलं. शेजारच्या सीटवर त्याचं जॅकेट आणि पावाची रिकामी पिशवी होती, ती उचलून त्याने मागे टाकली. ब्रांडेस हळूहळू आत बसले, पट्टा लावला.

"गावातल्या रस्त्याने घ्या," ते म्हणाले. "लाकूडवाल्याचं घर दाखवतो. माझं नाव सांगा, सुकं देईल."