मला कान नाही

मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कपाटाचा दरवाजा बोलतोय. हे लिहून काढलंय मला बनवणाऱ्याने. त्याने शाळा लवकर सोडली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्द साधेच असतील, त्याबद्दल तो माफी मागतो. मी मात्र कशाचीच माफी मागणार नाही.

आधी मी एका मोडक्या पलंगाची फळी होतो. माझी एक बाजू छान, सरळ रेषांची. दुसऱ्या बाजूला मधोमध एक काळी गाठ.

त्याच्या आईची बोटं आखडली आहेत. जुन्या दरवाजाची गोल मूठ तिच्या चिमटीत धरवत नसे. म्हणून मुठीला चिंधी बांधून, ती मनगटात अडकवून ती दरवाजा ओढायची. त्याने हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन माप काढलं.

मूठ नकोच, असं त्याने ठरवलं. खालची कड मागच्या अंगाने तिरपी तासायची. मग खालून बोटं सरकवली, नुसतं मनगट लावलं, तरी दरवाजा उघडेल. आईसमोर सरळ रेषा याव्यात म्हणून त्या बाजूला त्याने पेन्सिलीने 'आ' लिहिलं. 'आ' म्हणजे आईकडची बाजू.

दोन दिवसांनी रंधा घेऊन बसला तेव्हा तो 'आ' त्याने वाचला 'आत'. आणि नेमकी तीच बाजू तासली!

चूक कळल्यावर बराच वेळ डोकं धरून बसला. दुसरी फळी नव्हती. मग मला तसंच घासलं, तेल पाजलं, बिजागऱ्यांवर चढवलं. सरळ रेषा आत बरण्यांना दिसतात. बाहेर माझी गाठ. बरं झालं. आता जो समोर येईल त्याची गाठ माझ्याशी आहे.

आई आली. हात पिठाने माखलेले. तिने मनगट खालून लावलं आणि मी उघडलो.

"अगोबाई," ती म्हणाली, "हा तर मनकवडा आहे."

त्याचा दादा लोकांच्या घरी फर्निचर बसवतो. संध्याकाळी त्याने मला पाहिलं आणि हसतच सुटला.

"अरे शहाण्या, याला धरायचं कुठे? कान तुटलेल्या कपासारखा दिसतोय!"

"मला उघडतोय की," आई म्हणाली.

"तू काहीही चालवून घेतेस, आई. घरात दोन सुतार आणि दरवाजाला हँडल नाही! लोक तोंडात शेण घालतील." त्याने पिशवीतून पितळी हँडल काढलं. "सकाळी दोन भोकं पाडतो."

दोन भोकं! म्हणजे स्क्रूची डोकी मागे, बरोबर जिथे आईचा हात जातो तिथे. आणि मला बनवणारा हा, खाली मान घालून भुसा झाडतोय. अरे, बोल की! मला तोंड असतं तर मीच सुनावलं असतं. कान नाही तर नाही. कान नसला की कुणाला पिळताही येत नाही. शाळेत याचा पिळला होता, म्हणून तर हा घरी बसला. मी अर्धवट नाही. मी असाच पूर्ण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ड्रिल घेऊन आला, तर हा माझ्यासमोर उभा. कान लालबुंद.

"भोकं नाही पाडायची."

"का रे?"

याने आईची ती चिंधी घेतली आणि दादाच्या दोन्ही हातांची बोटं गच्च गुंडाळली. "शेजारचा उघड."

शेजारच्या दरवाजाला अजून गोल मूठ होती. दादाच्या हातून ती तीनदा निसटली. चौथ्या वेळी तो चक्क दातांनी धरायला गेला. आई तोंडाला पदर लावून हसत होती.

"आता हा."

दादाने मनगट लावलं. मी उघडलो. तो थोडा वेळ आईच्या हातांकडे बघत राहिला.

"चिंधी सोड," तो हळूच म्हणाला. मग हँडल पिशवीत टाकलं आणि शेजारच्या दरवाजाच्या बिजागऱ्या स्वतःच सोडवायला लागला.

तो दरवाजा खाली आला तसा याने कानावरची पेन्सिल काढली. या वेळी नुसता 'आ' नाही लिहिला. पूर्ण लिहिलं: आई.