कळकलेला दहीभात

अप्पांची सहल म्हणजे गिरगावात एक प्रस्थ होतं. दर उन्हाळ्यात ते बस ठरवत, ओळखीपाळखीची माणसं गोळा करत आणि एका दिवसात एखादा राजवाडा आणि डोंगरातली एखादी वाडी दाखवून आणत. पूर्वी तिला नुसतं सहल म्हणत. चळवळ पेटल्यापासून तिचं नाव ‘महाराष्ट्र-दर्शन’ झालं होतं. “ज्या महाराष्ट्रासाठी आपण भांडतोय, तो डोळ्यांनी बघायला नको?” असं म्हणून अप्पा कोटाला चळवळीचा बिल्ला लावत.

परळची बकुळा आणि तिचे वडील नाना मात्र महाराष्ट्र बघायला आले नव्हते. अप्पांच्या हेरंबसाठी बकुळा जवळजवळ पसंत झाली होती, साखरपुडा येत्या रविवारी ठरत होता. “त्याआधी मुलगी एक दिवस आपल्यात वावरू दे,” असा हेरंबच्या आईचा, आनंदीबाईंचा निरोप आला होता. बकुळा एका प्रयोगशाळेत पाण्याचे आणि अन्नाचे नमुने तपासायची. तिशी जवळ आली होती आणि याआधीची दोन स्थळं फिसकटली होती. पहाटे लालबागच्या नाक्यावर बसची वाट बघताना नाना म्हणाले होते, “बकू, आज कशात खोट काढू नकोस हं.” त्यांचा इस्त्रीचा कोट आणि घाईत दाढी करताना कापलेली हनुवटी बघून तिनं मनाशी ठरवलं, नाही काढायची. हो म्हणून टाकायचं.

राजवाडा घाटमाथ्यावर होता. संस्थान विलीन झालं होतं, राजेसाहेब मुंबईत राहत होते, आणि दिवाणखान्यात वटवाघळांच्या लेंड्यांचा उग्र वास कोंडला होता. बसमध्ये वाटभर दिल्लीच्या नावानं बोटं मोडणारे अप्पा राजाच्या तसबिरीपुढे कमरेत वाकले. तसबिरीतला राजा गोऱ्या साहेबाशेजारी अंग चोरून उभा होता. “काय रुबाब! काय तेज!” अप्पा म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

कोपऱ्यात पेंढा भरलेला वाघ होता. एक कान कसरीनं खाल्लेला, पाठीचे केस हात फिरवून फिरवून गेलेले. प्रत्येकानं त्याच्यावरून आणखी एकदा हात फिरवला. पहारेकऱ्याची पाठ वळताच हेरंबनं चिमटीत धरून मिशीचा एक केस उपटला आणि बकुळापुढे केला.

“वाघाची मिशी. ताईतात घालतात. खास तुमच्यासाठी.”

ती घ्यावी लागली. तिनं ती रुमालात गुंडाळली. “कातडं टिकावं म्हणून आतून सोमल लावतात,” ती हळूच म्हणाली. “जेवणाआधी हात धुवा.”

“म्हणजे विष? बाप रे! विषाशिवाय दुसरं काही येतं की नाही तुम्हाला?” हेरंब मोठ्यानं हसला आणि हात विजारीला पुसून मोकळा झाला.

जेवणं बाहेर आंब्याखाली होती. बकुळा विहिरीवर साबणानं हात धुऊन आली तेव्हा आनंदीबाई शेजारणीला सांगत होत्या, “हात धुण्यातच दिवस जाणार हिचा. स्वयंपाक आम्हीच करायचा.” समोर त्यांचं भलंमोठं पितळी पातेलं होतं, आदल्या संध्याकाळी कालवलेल्या दहीभाताचं. झाकण काढलं तशी बकुळाला कडेनं उमटलेली हिरवट कड दिसली. तिच्यावर, भात खाली बसून उघड्या पडलेल्या जागी, पितळ पिवळंधमक चकाकत होतं. आत कल्हईचा मागमूस नव्हता.

“हरताळात कल्हईवाला फिरकलाच नाही मेला,” आनंदीबाई वाढता वाढता म्हणाल्या.

पहिला घास घेताच एका बाईनं तो पदराआड थुंकला. “अगोबाई, कळकला की हो!” बातमी पंगतभर गेली. अप्पांनी खाकरून चूळ भरली, हेरंबनं पान बाजूला सारलं, लोक पुरी-भाजीकडे वळले. समोरच्या पंगतीत नाना तेवढे खाली मान घालून खात होते.

“नाना, तुम्हाला तरी बरा लागला का हो?” आनंदीबाईंनी विचारलं.

“उत्तम झालाय,” नाना म्हणाले.

“मग घ्या की आणखी.”

बकुळानं मान हलवून त्यांना खुणावलं. नानांनी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि पान पुढे केलं.

अर्धंअधिक पातेलं उरलं. बकुळाला वाटलं, आता ते विहिरीमागच्या खड्ड्यात जाईल. आनंदीबाईंनी त्यावर झाकण घातलं.

“अन्न कशाला टाकायचं? पुढे वाडी आहे ना, तिथं वाटून टाकू. पुण्य लागेल.”

“अहो, आंबट दह्यानं पितळेतलं तांबं सुटतं. पोरांना उलट्या होतील,” बकुळा म्हणाली.

“त्यांना काही होत नाही,” अप्पांनी हात झटकला. “दगड पचवणारी माणसं ती. म्हणून तर ते आपले मावळे!”

बस सुटली आणि तिसऱ्याच वळणाला नानांनी दार ठोठावलं. रस्त्याच्या कडेला, दरडीला हात टेकून ते ओकले. पुन्हा ओकले. कोटाच्या बाहीवर हिरवट पाणी ओघळलं. बकुळा त्यांची पाठ धरून उभी होती. वर खिडकीत हेरंबनं नाकाला रुमाल लावला होता.

“घाट लागला असेल,” आनंदीबाई आतून म्हणाल्या. “जरा गाडीपासून लांब घ्या त्यांना.”

बकुळानं त्या खिडकीकडे पाहिलं. मग पदरानं नानांचं तोंड पुसून तिनं त्यांना आत नेलं.

वाडी ठाकर आदिवासींची होती. म्हातारी जाईबाई पुढे आली, तिनं सगळ्यांना पाणी दिलं आणि पळसाच्या पानांवर करवंदं ठेवली. करवंदं धुतलेली होती, पानंसुद्धा. लोकांनी ती मिटक्या मारत खाल्ली. मग पोरांना रांगेत उभं करून अप्पांचं भाषण झालं. “यांच्या बापजाद्यांनी गड राखले! उद्याचा महाराष्ट्र यांचा आहे!” टाळ्या पडल्या, फोटो निघाला. पोरांचं लक्ष पातेल्याकडे होतं. आनंदीबाईंनी पळी हातात घेतली. चारदोन पोरांनी द्रोण पुढे केले.

“हेरंब,” बकुळा म्हणाली, “आधी एक घास तुम्ही घ्या.”

“मी? मी जेवलोय.”

“एकच. या मुलांच्या समोर.”

“काय चालवलंय हे?” तो हसायला बघत होता, पण कान लाल झाले होते. “तो कळकलाय, माहीत आहे ना तुम्हाला?”

“मला माहीत आहे. तुम्हालाही आहे.”

“बकू,” मागून नानांचा थकलेला आवाज आला.

तिनं दोन्ही कड्यांना धरून पातेलं उचललं, वाडीच्या उकिरड्यापर्यंत नेलं आणि उपडं केलं. वर चुलीची राख ओढली, कुत्रीही तोंड घालू नयेत म्हणून. एक पोर रडायला लागलं. बाकीची तिच्याकडे अशी बघत होती, जणू तिनंच त्यांच्या तोंडचा घास हिसकावला.

“अन्न सांडलंस गं बाय!” जाईबाई ओरडली.

“कळकलं होतं, आजी. खाण्याजोगं नव्हतं.”

जाईबाई आधी उकिरड्याकडे आणि मग सगळ्या पाहुण्यांकडे बघत राहिली. “मंग आमच्या पोरांना कशाला आनलंत?”

अप्पा घड्याळ बघून म्हणाले, “चला, उशीर होतोय.”

परतीच्या वाटेवर बापलेकींशेजारची बाकं रिकामी राहिली. घाट उतरून बस सपाटीला लागल्यावर नाना म्हणाले, “मला पहिल्याच घासाला कळलं होतं.”

“मग खाल्लंत कशाला? वर दुसऱ्यांदा घेतलंत?”

“मुलीचा बाप मी. त्या वाढत होत्या.”

बकुळाला त्यांचा इतका राग आला की ती खिडकीबाहेर बघत बसली. बाहीवरच्या डागाचा वास तिच्यापर्यंत येत होता.

परळ यायच्या आधीच, दादरला ती दोघं उतरली तसे अप्पाही खाली आले. बिल्ला अजून कोटावर होता. “नाना, आम्ही मोठ्या मनाची माणसं आहोत. पोरीनं हेरंबच्या आईची माफी मागावी, झालं. रविवारी आम्ही येतो.”

नानांचे हात सवयीनं जोडले गेले होते. बकुळा काही म्हणणार, एवढ्यात त्यांनी ते खाली घेतले.

“येऊ नका, अप्पा.”

“काय म्हणालात?”

“रविवारी येऊ नका. पुढच्याही नको.”

बस गिरगावच्या दिशेनं गेली. दोघं परळकडे चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर नाना गटाराशी थांबले, थुंकले आणि त्यांनी रुमालासाठी हात पुढे केला. बकुळानं पिशवीतून रुमाल काढला, त्यातली मिशी तिला आठवली आणि तिनं तो तसाच कचऱ्याच्या पेटीत टाकला.

“तो नको. घरी जाऊन धुवा तोंड.”

“चव जात नाही गं.”

“राहील दोन दिवस,” ती म्हणाली.