चाचणीस अर्जदार हजर

आप्पांच्या नावाचं पत्र आलं तेव्हा आप्पांना जाऊन बेचाळीस दिवस झाले होते. पत्र गावच्या पट्टण पंचायतीचं होतं, कन्नडमधलं, खाली निळा गोल शिक्का. त्यांची मुलगी विद्युल्लता बेळगावात एका कॉलेजात ग्रंथपाल होती. तिला कन्नड वाचता येई, पण सावकाश. सावकाश वाचल्यामुळे एकेक वाक्य पुरतं कळत गेलं, हे काही बरं झालं नाही.

मैदानातल्या व्यासपीठाला रॅम्प बांधण्याचा आपला अर्ज मंजूर होऊन काम पूर्ण झालं आहे. रविवारी सकाळी आठ वाजता अर्जदारानं स्वतः हजर राहून चाचणी द्यावी. गैरहजर राहिल्यास अर्ज मागे घेतला असं समजून रॅम्प काढून टाकण्यात येईल.

दोन वर्षांपूर्वी गावच्या साहित्य संमेलनात गोपाळ मास्तरांचा, म्हणजे आप्पांचा, सत्कार होता. व्यासपीठाला पाच पायऱ्या. चौघांनी त्यांना चाकाच्या खुर्चीसकट उचललं, वर जाताना एकाचा हात सुटला, आप्पा अर्धवट कलंडले आणि सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर त्यांनी शाल काढून ठेवली आणि एवढंच म्हटलं, "मी काय कपाट हाय व्हय गं?" दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. मास्तरच ते, काही सोडलं नाही. रॅम्पचा उतार, रुंदी, खुर्चीचं माप, स्वतःचं वजन बासष्ट किलो.

पत्र घेऊन ती पंचायतीत गेली. नागेंद्र नावाचा तरुण इंजिनियर होता. आप्पांच्या हाताखाली शिकलेला नव्हता, तरी मास्तरांचं नाव ऐकून उभा राहिला.

"मॅडम, मृत्यूचा दाखला जोडला तर अर्जदार नाही म्हणून फाईल बंद. नाही जोडला तर अर्जदार गैरहजर, म्हणून रॅम्प पाडायचा. दोन्हीकडून अडचणच."

"बांधून झालेला रॅम्प पाडणार?"

"वापरणारा नाही तर ते अतिक्रमण होतं." तो खरोखर विचारात पडला होता. त्यानं अर्ज पुन्हा वाचला. "ह्यात लिहिलंय, 'चाकाची खुर्ची वर जावी.' खुर्ची आहे न्हवं घरात?"

"आहे."

"मग खुर्ची हजर करा. बाकी मी बघतो."

रविवारी ती खुर्ची रिक्षातून घेऊन आली. मैदानाच्या फाटकात गुरं शिरू नयेत म्हणून गेल्या वर्षी लोखंडी नळ्या नागमोडी रोवल्या होत्या. माणूस अंग चोरून जाई, खुर्ची जाईना. पंचायतीच्या भावकू शिपायानं खुर्चीची घडी घातली, डोक्यावर घेतली आणि पार झाला.

"आली की आत!" तो म्हणाला.

"घडी घालून आली," विद्युल्लता म्हणाली. ते कुणी मनावर घेतलं नाही.

रॅम्प खरंच चांगला झाला होता. आप्पांनी लिहिलेल्या मापाचा, दोन्ही बाजूंना कठडा. फक्त तो दिसत नव्हता. त्याच दिवशी यंदाचं संमेलन होतं, म्हणून खालपासून वरपर्यंत त्यावर रांगोळी होती, मोर, कमळं, मधोमध 'सुस्वागतम्'. महिला संघाच्या अंबुबाई पहाटेपासून वाकून बसल्या होत्या. आता कंबरेवर हात ठेवून त्या पहारा देत होत्या.

"रिकामी खुर्ची कोण पण चढवंल," नागेंद्र म्हणाला. "वजन पाहिजे. बासष्ट."

रॅम्पच्या कामातून उरलेलं सिमेंटचं एक पोतं व्यासपीठामागं होतं. ते पन्नास किलो. उरलेल्या बारासाठी भावकूनं सत्काराचे चोवीस नारळ पोत्यात भरून आणले. सिमेंट खाली, नारळ वर. पोतं डावीकडे कललं. आप्पाही डावीकडेच कलायचे. विद्युल्लतेनं नकळत दोन्ही हात घालून पोतं सरळ केलं, पाय ठेवायची पट्टी खाली पाडली, पट्टा बांधला. बांधून झाल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली, फार आवळला तर नाही ना.

"चला," नागेंद्र म्हणाला.

"कुठं चला?" अंबुबाई आडव्या आल्या. "पाव्हणं यायच्या आधी माज्या रांगोळीवर चाक घालतासा? मोर करायला दीड तास गेलाय."

"आक्का, चाचणी हाय सरकारी."

"मग सरकारी कडंनं जावा."

"कडेनं कठडा हाय."

मग भावकूला सुचलं. "साहेब, उचलू की! मांडववाली दोघं हायती, मी हाय, तुम्ही हाय. रांगोळीला धक्का न्हाय, खुर्ची वर."

नागेंद्रचा चेहरा उजळला. चौघं चार बाजूंना वाकले. बासष्ट किलोंची पोती आणि खुर्ची हेलकावत वर उठली, मोरावरून निघाली. तिसऱ्या पावलाला एकाचा हात सुटला. खुर्ची कलंडली. एक नारळ निसटून कमळावर पडला आणि गडगडत खाली आला.

"खाली ठेवा," विद्युल्लता म्हणाली.

"झालंच मॅडम, दोन पावलं..."

"खाली आणा त्यांना."

ती मोठ्यानं बोलली नव्हती. चौघांनी खुर्ची रॅम्पच्या पायथ्याशी आणून ठेवली. तिनं नारळ उचलून पोत्यात घातला, मागच्या दोन्ही मुठी धरल्या आणि ढकललं. चाकं मोराच्या पिसाऱ्यात शिरली. आप्पांनी उतार अचूक काढला होता. एवढ्या वजनाला तिला दमही लागला नाही. वर पोचल्यावर तिनं सवयीनं ब्रेक लावला. मागं हिरव्या-गुलाबी रंगाचे दोन पट्टे वरपर्यंत आले होते.

अंबुबाईंनी मोराकडे बघितलं, मग खुर्चीकडे. आणि स्वतःच रॅम्प चढून वर आल्या.

"इतकं सोपं जातंय व्हय हे?"

नागेंद्र फॉर्म भरत होता. 'अर्जदार : हजर. चाचणी : यशस्वी. रॅम्प कायम ठेवावा.' मग पेन थांबलं. "अर्जदाराचा अभिप्राय असा रकाना हाय. काय लिहू?"

"रॅम्प उत्तम. फाटकातून आत येता येत नाही."

त्यानं फाटकाकडे पाहिलं. पहिल्यांदाच बघत असल्यासारखं पाहिलं. "त्याला वेगळा अर्ज लागंल. आणि हे बघा, मंजुरीला दोन वर्षं धरा. तोवर अर्जदार..." तो अडखळला. "म्हणजे, अर्जदार टिकाऊ पाहिजे."

"माज्या सासूचं नाव घाला," अंबुबाई म्हणाल्या. "सहा वर्सं उंबऱ्याभाईर न्हाय. नव्वद झाली, पर तुमच्या हापिसाला पुरून उरंल."

"खुर्ची हाय त्यांच्याकडं?"

अंबुबाईंनी समोरच्या खुर्चीकडे बघितलं.

"आहे," विद्युल्लता म्हणाली.

नागेंद्रनं कोरा कागद काढला. "वजन?"

"असंल छत्तीसभर."

"मग सिमेंट नको," भावकू म्हणाला आणि पट्टा सोडायला वाकला. "नारळावर भागंल."

"सिमेंटही नको आणि नारळही नको," विद्युल्लता म्हणाली. "त्या स्वतः येतील."

पट्टा तिनं स्वतःच सोडला.